गोपद्मांचा छाप

१

आमच्या जवाहर नगरच्या घरात सकाळचा पहिला आवाज माझ्या बांगड्यांचा असतो, असं हे नेहमी म्हणतात. अंघोळ झाली की मी देवघरापुढे बसते, ओल्या फडक्याने कालची गोपद्मं पुसते आणि आजची काढते. चातुर्मासातलं व्रत आहे हे. गाईच्या पावलांच्या रांगोळ्या काढायच्या, रोज तेहतीस, त्यांवर हळदकुंकू वाहायचं, कार्तिकीपर्यंत खंड पडू द्यायचा नाही. पाच वर्षांनी उद्यापन. माझं हे दुसरं वर्ष.

पहिल्या वर्षी सगळी बोटांनी काढली. गुडघे आणि अंगठा दोन्ही कुरकुरायला लागले, म्हणून यंदा छाप केला. छाप कसा करायचा हे आपल्या बायकांना सांगायला नको. घरात पडलेली जुनी एक्स-रेची फिल्म घ्यायची, पेटती उदबत्ती टेकवत भोकं पाडायची. फिल्म वितळते आणि भोकाची कडा आपोआप गोल, गुळगुळीत होते. एका पावलाला दोन टेकवण्या, शेजारी शेजारी, पुढे निमुळत्या. फरशीवर छाप ठेवून वरून रांगोळी पसरली, तळवा फिरवला, छाप उचलला, की वासरू नुकतंच चालत गेल्यासारखी पावलं उमटतात.

फिल्म यांच्या डोक्याची होती. हे म्हणजे उमाकांत, माझे यजमान, विमा कंपनीत अधिकारी. मागे स्कूटरवरून पडले तेव्हा सीटी स्कॅन काढला होता आणि काही निघालं नव्हतं. एका मोठ्या फिल्मवर रांगेने छोटी छोटी चित्रं, डोक्याचे जणू कांद्यासारखे काप. गरम पाण्यात सोडा घालून घासली तरी चित्रं गेली नाहीत. राहू देत म्हटलं. त्या एका फिल्मच्या चार पट्ट्या निघाल्या. एक मी ठेवली. जयपुरात गणगौर निघते त्याच दिवसांत आमच्याकडे चैत्रगौर बसते. त्या हळदीकुंकवाला उरलेल्या तीन मैत्रिणींना वाण म्हणून दिल्या, सोबत रांगोळीची डबी. परमुलखात आपण चार मराठी बायका, सगळ्यांनी मिळून गोपद्मं धरू, असं माझ्या मनात.

चातुर्मास लागला आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे चहा पिताना म्हणाले, "सुवर्णा, तू सकाळी तांदूळ ओततेस का गं?"

"नाही हो. माझा उपास आहे, मी कशाला तांदूळ काढू?"

"मग बारीक आवाज कसला येतो? सर्रर्र… थांबतो… परत सर्रर्र."

"कुठून येतो?"

त्यांनी कानाच्या वर बोट टेकवलं. "इथून." आणि स्वतःच हसले. "भुसा आहे म्हणायचीस ना, तो सांडत असेल."

मीही हसले. पहिली पोळी गोग्रासाची म्हणून पानावर काढून ठेवली होती, ती घेऊन हे फाटकाशी गेले. गल्लीतली तांबडी गाय त्यांच्याच हातून खाते, दुसऱ्या कोणाच्या नाही. मी रांगोळीची डबी जागेवर ठेवायला गेले तर ती हलकी लागली. भरून आठवडाही झाला नव्हता. इथली रांगोळी भुसभुशीत असेल, असं तेव्हा वाटलं.

२

त्यांना झटका आला तो जेवताना. डाव्या हातातली वाटी सुटली, मान एका बाजूला वळली, आणि तोंडात घास नसताना जबडा हळूहळू हलत राहिला. उजवीकडे, डावीकडे. डोळे उघडे होते. आमची मुलगी प्रणिता फिजिओथेरपी शिकते, तिने त्यांना कुशीवर वळवलं आणि गाडी मागवली.

डॉक्टर रणजीत शेखावत मेंदूचे डॉक्टर. बोलायचे हिंदीत, मी आपल्या भाषेत सांगते. शिरेतून औषध सोडून काढलेली एमआरआयची फिल्म त्यांनी उजेडाच्या पेटीवर लावली. काळ्या-करड्या कापांमध्ये चमकत्या कडांचे छोटे गोल दिसत होते, आतून पोकळ.

"बहनजी, चित्र रोगाचं नाव सांगत नाही. चित्र आकार सांगतं," ते म्हणाले. "या आकाराचे रोग बरेच आहेत. आम्ही एकेक खोडत जातो. उरेल तो रोग."

मग त्यांनी नावं घेतली. नीट न धुतलेल्या भाजीतून पोटात गेलेल्या जंतूंच्या अळ्या. टीबीच्या गाठी. कुठून तरी पोचलेला पू. आणि शरीरात दुसरीकडे असलेल्या कॅन्सरचे तुकडे.

मी त्याच खुर्चीत बसल्या बसल्या अळ्यांसाठी निर्जळी संकष्टी बोलले, टीबीसाठी मंगळवार, पुवासाठी मोती डुंगरीच्या गणपतीला लाडू. चौथ्याचं नाव मनातही घेतलं नाही, पण त्याच्यासाठीही एक नारळ बोलले. प्रणिताने माझे हलणारे ओठ पाहिले. "आई, मतलब प्रत्येक डायग्नोसिसला वेगळा उपास? तूच आधी ॲडमिट होशील."

तपासण्या झाल्या. रक्तात अळ्यांची खूण नाही. छाती स्वच्छ. ताप नाही, पू नाही. पोटाचा, फुप्फुसांचा स्कॅन स्वच्छ. प्रत्येक चिठ्ठीबरोबर मी देवापुढे साखर ठेवत होते. देव एकेक संकट खोडतोय, असं मला वाटत होतं.

डॉक्टर मात्र दर वेळी जास्त गप्प होत गेले. शेवटी त्यांनी पेन्सिलीचं टोक फिल्मवर हळूच सरकवत नेलं. "हे जोडीजोडीने आहेत. आणि ओळीत. रोग असा ओळीत चालत नाही." ते वळले. "यांच्या डोक्याची जुनी एखादी फिल्म आहे? हे डाग तेव्हाही असतील तर जुने व्रण समजून सोडून देता येईल. तेव्हा नसतील, तर मला कवटीला भोक पाडून आतला तुकडा काढावा लागेल. जागा फार नाजूक आहे. वाचा जाऊ शकते. माणूसही."

"है ना, सर!" प्रणिता म्हणाली. "बाबा स्कूटर से गिरे थे, तब की सीटी. आई, कुठे ठेवलीस गं ती?"

३

घरी येऊन मी देवघराच्या कोनाड्यातून छाप काढला आणि मला खरंच हसू आलं. आता डॉक्टरांना हे दाखवायचं? हळद लागलेलं, कुंकवाचे डाग पडलेलं?

प्रणिताने कपाळावर हात मारला. "आई! जुन्या फिल्मचा छाप केलास? तू ना, धन्य आहेस."

"तीच गं. काही निघालं नव्हतं ना तेव्हा, मला काय ठाऊक?"

मी छाप बाल्कनीच्या काचेवर धरला. बाहेर जयपूरचं पांढरं ऊन. हाडाचं पांढरं कडं, आत करडा मेंदू, मधोमध फुलपाखरासारखी काळी पोकळी. आणि जोडीजोडीने, ओळीत, मी पाडलेली भोकं. भोकांच्या वितळलेल्या कडा उन्हात चमकत होत्या. कडा चमकत्या, आतून पोकळ.

माझ्या हातांना एकदम गार वाटलं. प्रणिता अजून हसत होती. मी नव्या एमआरआयची फिल्म काचेवर लावली आणि वरून छाप ठेवला. चित्रं साधारण एकाच आकाराची होती. नव्या फिल्मवरचे डाग एका बाजूला होते, माझी भोकं दुसऱ्या बाजूला. माझा श्वास सुटला. म्हटलं, चला, वेडीच आहेस सुवर्णा.

मग मला हळद दिसली. हळद छापाच्या माझ्याकडच्या बाजूला होती. हळदकुंकू लागतं ते फरशीकडच्या बाजूला, रोज तीच बाजू खाली असते. मी छाप उलटा धरला होता.

मी तो पालटला.

कुठून तरी प्रणिताचा आवाज आला, "एक मिनट." ती जवळ आली. तिने बोटाने छाप किंचित सरकवला, वर, मग जरासा डावीकडे, आणि हात काढून घेतला. माझ्या पट्टीत जेवढे काप होते, तेवढ्या सगळ्या कापांत प्रत्येक भोकातून एक डाग आमच्याकडे बघत होता. एकही भोक रिकामं नव्हतं.

"कोइन्सिडेन्स," प्रणिता म्हणाली. मग थोड्या वेळाने परत म्हणाली, "कोइन्सिडेन्स आहे, आई." मी तिला काही विचारलं नव्हतं.

४

युक्ती तिचीच. "तू उद्या सकाळी नेहमीसारखी रांगोळी काढ. मी बाबांजवळ बसते. काही होणार नाही, ते तुलाच दिसेल. मग आपण दोघी हसू."

मला करायचं नव्हतं. पण व्रत मोडायचंही नव्हतं, आणि मनातली शंका जावी असंही वाटत होतं. देवापुढे शंका ठेवून बसता येत नाही हो.

सकाळी हे पलीकडच्या खोलीत पलंगावर बसून मोठ्याने पेपर वाचत होते. डॉक्टरांनीच सांगितलं होतं, जीभ चालती ठेवा. मधे भिंत, त्यांना मी दिसत नव्हते. बातमी होती पाणीपुरवठ्याची. "बीसलपूर धरणात यंदा…" असं त्यांचं सुरू होतं. मी छाप फरशीवर ठेवला, चिमूटभर रांगोळी घेतली आणि तळवा फिरवला.

"…धरणात यंदा, यंदा…"

मी हात उचलला.

"…यंदा पाणी बरं आहे."

मी मुद्दाम केलं नाही. बोटांत उरलेली चिमूट आपोआप सुटली. पलीकडे आवाज तुटला. या वेळी शब्दच नाही आला, नुसता घशातून एक लांब, जाड हुंकार. मी घाईने छाप उचलला.

छापाखालची फरशी स्वच्छ होती. काळी, पुसलेली, कोरडी. एक कणही नव्हता. दोन चिमटी मी माझ्या हाताने टाकल्या होत्या, मूठ अजून पांढरी होती. छापाच्या वर नव्हती, छापाच्या खाली नव्हती. मी फरशी हाताने चाचपली. कुंकवाची वाटी उचलून पाहिली. पदर झटकला.

"आई!" प्रणिता दारात उभी होती. तिच्या ओठांचा रंग गेला होता. "आई, बस कर. प्लीज, बस कर."

आतून हे म्हणाले, अगदी नेहमीच्या आवाजात, "काय झालं गं दोघींना? आज आवाज फार जवळून आला."

५

त्या दिवशी मी तेहतीस गोपद्मं बोटांनी काढली. अंगठा दुखला, तेवढंच बरं वाटलं. छाप लाल कापडात गुंडाळून देवाखाली ठेवला. आता थांबेल, माझी खात्री होती.

दुसऱ्या दिवशी हे उठले आणि पलंगावर बसून कान देत राहिले. "आज तुझा नव्हता," म्हणाले. मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. "पण लांबून येतोय. दोन-तीन ठिकाणांहून."

तेव्हा मला वाण आठवलं. सकाळच्या त्याच वेळेला, या शहरात, माझ्या मैत्रिणी देवापुढे बसत होत्या. माझ्याच सांगण्यावरून.

दिलेलं वाण परत मागत नाहीत. मी गोपालपुऱ्याला इंदुबाईंकडे गेले तेव्हा वाटेत हेच घोकत होते, काय तोंडाने मागू? इंदुबाई माझ्याहून मोठ्या, त्यांचे यजमान रेल्वेतून निवृत्त झाले. आता त्या कोचिंगच्या मुलांना डबे देतात. स्वयंपाकघरात वाफ कोंडलेली, त्या पोळ्या लाटत होत्या.

"छाप परत पाहिजे? वाण दिलेलं?" लाटणं थांबलं. "सुवर्णा, यजमान आजारी आहेत म्हणून काही बोलत नाही. पण सवाष्णीच्या ओटीतलं काढून घेतेस का गं?"

"दुसरा चांगला आणून देईन. पितळी जाळीचा."

"पितळी नको नि सोन्याचा नको." मग त्या जवळ आल्या, आवाज खाली आला. "खरं सांगू? घेऊनच जा. नाही तरी मी टाकणारच होते. विचित्र आहे बाई तो. रांगोळी कितीही टाका, पुरत नाही. टाकते तेवढी फरशीवर पडतच नाही. मला वाटलं, मोतीबिंदू वाढला."

त्यांनी खिळ्यावरून छाप काढून दिला आणि पदराला हात पुसले. दोनदा पुसले.

अक्षदाने तर हसतच दिला. बँकेतल्या अधिकाऱ्याची नवी नवरी ती. "काकू, सॉरी हं, मी रोज नाही काढायचे. संडेला सगळ्या एकदम काढायचे. चालतं ना?" मला यांचे रविवार आठवले. रविवारीच त्यांच्या हातातून वस्तू पडायच्या.

तिसरी मनीषा. तिचे यजमान बस्सीच्या रेल्वे स्टेशनात नोकरीला होते, ज्येष्ठातच बदली होऊन भुसावळला गेले. तिला फोन लावला. "अय्या काकू, तो छाप ना? तिथेच राहिला, क्वार्टरच्या स्वयंपाकघरात, खिळ्याला. व्रत धरायचं होतं हो, पण सामान बांधण्यात राहून गेलं. एकदाही नाही वापरला."

मी फोन ठेवला आणि गणपतीला हात जोडले. वापरलाच नाही. म्हणजे सुटलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे म्हणाले, "बाकीचे थांबले गं. आता एकच येतोय. फार लांबून. पण तो थांबत नाही, दिवसभर येतो."

६

बस्सी आग्रा रस्त्यावर. मी बसने एकटीच गेले. प्रणिताला यांच्याजवळ ठेवलं.

क्वार्टरला कुलूप होतं. स्टेशनातल्या चौकीदाराला मनीषाचं नाव सांगितलं, माझी एक वस्तू राहिली आहे म्हटलं. "माताजी, साहब गए तब से बंद पड़ा है," तो किल्ली शोधत म्हणाला. "कोई आया ही नहीं रहने."

दार उघडलं. कोंदट वास. सगळीकडे धूळ, जयपूरकडची ती पिवळट बारीक धूळ, खिडकीच्या फटीतून येऊन थरावर थर बसलेली. त्या धुळीत उंबऱ्यापासून आत पावलं गेली होती.

पांढरी. रांगोळीची. जोडीजोडीने, पुढे निमुळती.

मी खूप वेळ उंबऱ्यातच उभी राहिले. मनाशी एकेक खोडत गेले, डॉक्टरांसारखी. मनीषाने जाताना काढली असतील. पण मनीषा गेली ज्येष्ठात, आणि ही धुळीच्या वर होती. कोणी मुलं शिरली असतील. पण मुलांची पावलं कुठे होती? कोणाच्याही पायाचा ठसा नव्हता. गोपद्मं काढणारी बाई बसते, सरकते, तिचे गुडघे उमटतात, लुगड्याचा काठ उमटतो. इथे काहीच नव्हतं. आणि छापाची गोपद्मं सारख्या अंतरावर पडतात. ही नव्हती. कुठे अंतर जास्त, कुठे कमी. एका जागी जोडी जरा फाकलेली, पाय घसरावा तशी.

मी कडेकडेने स्वयंपाकघरापर्यंत गेले. छाप खिळ्याला लटकत होता, मागे खिडकीचा उजेड. ही पट्टी मधल्या कापांची होती, काळ्या फुलपाखराची. मी भोकं पाडली होती ती काठाकाठाने, फुलपाखराला न शिवता. मला पक्कं आठवतं, कारण ते सुंदर दिसत होतं. आता ओळ पुढे गेलेली होती. थेट काळ्या पोकळीपर्यंत. शेवटच्या जोडीवर मी बोट ठेवलं. कडा अजून मऊ होती. खोलीत उदबत्तीचा वास होता.

आणि खाली, फरशीच्या मधोमध, पावलं संपली होती. तिथली धूळ एका मोठ्या गोलात दबलेली होती, जनावर पाय मुडपून बसावं तशी. परत बाहेर जाणारं एकही पाऊल नव्हतं.

"कुत्ता घुस गया होगा," मागून चौकीदार म्हणाला. पण तो आत आला नाही.

७

नव्या सीटी स्कॅनच्या दिवशी मी चारही पट्ट्या, बस्सीहून आणलेलीसुद्धा, लाल कापडातून काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवल्या. "ही जुनी फिल्म," म्हटलं. "मी कापली होती. माफ करा."

ते खूश होते, आधी त्यांनी नवी फिल्मच दाखवली. डाग सगळे पांढरे, घट्ट झालेले. "कॅल्शियम. चुना धरलाय. जखम भरते तेव्हा असं होतं. जुना कसला तरी संसर्ग असेल, सुकला. कवटी उघडायची गरज नाही." मला रडू आलं. मी त्यांच्या पायांकडे वाकले, त्यांनी पटकन पाय मागे घेतले. प्रणिता खुर्चीत मागे टेकून डोळे मिटून बसली.

मग त्यांनी सहज माझ्या पट्ट्या हातात घेतल्या. "ये क्या किया, बहनजी?" हसत हसत त्यांनी त्या नव्या फिल्मवर लावल्या, हळदीची बाजू आत. एक. दुसरी. तिसरी. चौथी लावताना त्यांचं हसू कुठे गेलं ते कळलं नाही. पेटीच्या दिव्याची घूंऽ घूंऽ तेवढी ऐकू येत होती. त्यांनी मधल्या काळ्या पोकळीवर बोट ठेवलं. तिथे काहीतरी होतं. करड्यावर करडं, गोलसर, एका बाजूला मान वळवलेलं. मी नीट पाहायच्या आत त्यांनी दिवा बंद केला.

"सर, वो बीच में…" प्रणिता म्हणाली.

"छाया है. मशीन की." पट्ट्या त्यांनी माझ्यापुढे सरकवल्या, बोटांच्या टोकांनी. मग बेसिनपाशी जाऊन हात धुतले. परत येऊन लिहायला बसले, आणि न बघता यांना विचारलं, "आवाज अब भी आता है?"

हे इतका वेळ शांत बसले होते. "नहीं, डॉक्टरसाब," म्हणाले. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "थांबलाय. आत येऊन बसलाय."

डॉक्टरांना मराठी येत नव्हतं. प्रणिताने अर्थ सांगितला नाही.

८

त्यानंतरचे दिवस चांगले गेले, खोटं कशाला सांगू. झटका आला नाही. डाव्या हातात जोर आला. मी गणपतीला लाडू दिले, मंगळवार धरले, नारळ फोडला. गोपद्मं बोटांनी काढते आहे. रात्री यांना झोप इतकी गाढ लागते की एक कूस बदलत नाहीत.

एवढंच, की बोलणं कमी झालंय. विचारलं तर मान हलवतात. फाटकाशी तांबडी गाय येते, पण हे पुढे झाले की ती पावलापावलाने मागे सरते आणि लांबून बघत राहते. आणि कधी कधी, उन्हात बसलेले असताना, यांचा जबडा हलतो. उजवीकडे, डावीकडे. प्रणिता म्हणते, औषधाने होतं, डॉक्टरांना विचारू.

"काय खाताय हो?" मी विचारते.

"काही नाही," असं पूर्वी म्हणायचे.

आज सकाळी पोळ्या करताना पहिली पोळी गोग्रासाची म्हणून ओट्यावर पानात काढून ठेवली. दुसरी तव्यावर टाकली. मागे हे येऊन उभे राहिले ते मला कळलं, त्यांच्या श्वासावरून. अलीकडे त्यांचा श्वास मोठा झालाय, गरम.

"भूक लागली का? बसा, वाढते."

ते बसले नाहीत. ओट्यापाशी आले. मला वाटलं, पान घेऊन फाटकाकडे जातील, नेहमीसारखे. त्यांचे दोन्ही हात अंगाशी तसेच लोंबत राहिले. त्यांनी हळूच मान खाली घातली, पानावर ओठ टेकवले आणि पोळी जिभेने ओढून घेतली.

"अहो," मी म्हटलं. "अहो, बघा ना माझ्याकडे."

त्यांनी मान वर केली. जबडा हलत होता. डोळे मोठे, ओले, शांत. त्या डोळ्यांत माझ्यावर कसलाच राग नव्हता. ओळखही नव्हती.

तव्यावरची पोळी करपायला लागली होती. मी ती उतरवली, निवू दिली, आणि पानावर ठेवली.